टिटवीची मोजदाद

१

रोज सकाळी दुकानाच्या फळ्या काढल्या की हौसराव आधी चहा घ्यायचा, आणि मग दुसऱ्या कुणीतरी काढलेला फोटो भिंगाखाली धरून त्यात काय हुकलंय ते शोधत बसायचा. हा त्याचा नेम होता. नवरीचं नाक ठळक आलंय आणि डोळे सुटलेत, म्हणजे धूसर झालेत, सभेच्या फोटोत अध्यक्षांऐवजी मागची खुर्चीच स्वच्छ दिसतेय, असं काही सापडलं की त्याचा दिवस चांगला जायचा. दौंड स्टेशनासमोर त्याचा स्टुडिओ होता. वय बावन्न. एवढ्या आयुष्यात त्यानं दुसऱ्याच्या फोटोला चांगलं म्हटल्याचं त्याच्या बायकोला, तुळजाबाईलाही आठवत नव्हतं.

फोटो धूसर आला म्हणजे काढणाऱ्याचं डोकं धूसर, असं तो गिऱ्हाइकांच्या तोंडावर सांगायचा. गिऱ्हाइकं हसायची, कारण त्यांचा फोटो अजून काढून व्हायचा असायचा आणि हौसरावाला चिडवून कुणालाच परवडणारं नव्हतं.

पाखरांचे फोटो काढायचं वेड त्याला चाळिशीनंतर लागलं. सत्तावन्न साली पुण्याच्या एका प्रदर्शनात त्याचा खंड्याचा फोटो लागला. लोक वाहवा करत होते. तिथं शिरूरचा अयुब तांबोळी आला होता. अयुबही फोटोवालाच, पण हौसराव त्याला लग्नातला हौशी म्हणायलाही तयार नव्हता. अयुब फोटोपाशी गेला, बराच वेळ वाकून बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "मामा, चोच लई झ्याक आलीया. डोळा मातर जरासा सुटलाय."

हौसरावानं ते हसून उडवलं आणि घरी येऊन भिंग लावलं. डोळा खरंच सुटला होता.

त्याला झोंबलं ते अयुबचं बोलणं नव्हे. त्या दिवशी त्यानं कॅमेऱ्याची नजर खंड्याच्या डोळ्यावरच धरली होती, शपथेवर सांगू शकेल इतकी पक्की. म्हणजे चुकला तो हात नव्हता, त्याचा स्वतःचा डोळा होता. आणि डोळा गेला तर दुकान गेलं, निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायची कला गेली, आणि मुख्य म्हणजे ज्यांची तो आयुष्यभर टिंगल करत आला त्यांच्याच रांगेत जाऊन बसणं आलं. चष्मेवाल्याकडं जायचीसुद्धा त्याला भीती वाटत होती. म्हणून त्यानं स्वतःची परीक्षा ठरवली. एक पाखरू, एक जागा, बारा प्लेटा, आणि बाराच्या बारांत डोळा सुईसारखा. एक फोटो नशिबानं साधतो, बारा साधत नाहीत. ते बारा नेऊन अयुबपुढं मांडायचे, म्हणजे बाहेरची आणि आतली अशी दोन्ही तोंडं बंद.

२

न्हावऱ्याच्या अलीकडं रस्त्याला लागून एक मोठा माळ होता. तिथं शेरडं राखणाऱ्या साळूबाईनं त्याला टिटवीची अंडी दाखवली. उघड्या जमिनीवर खड्यांत चार खडे मिसळावेत तशी चार अंडी. साळूबाई साठीची, काटक आणि कमी बोलणारी. हौसरावानं तिचे आभार मानले नाहीत. दोन दिवस आधी का सांगितलं नाहीस, म्हणून उलट तिलाच विचारलं.

अंड्यांपासून तीस फुटांवर त्यानं लपण उभं केलं. चार बांबू, भोवती गोणपाट आणि पुढं कॅमेऱ्याच्या तोंडापुरती फट. सकाळचं ऊन पाठीशी राहावं म्हणून लपण उगवतीला ठेवलं. त्यामुळं कॅमेरा मावळतीला बघायचा. समोर टिटवी, तिच्यामागं कुसळांचा माळ, आणि अर्ध्या मैलावर रस्ता.

टिटवी फार सावध. माणूस लपणात शिरताना दिसला की तासन् तास फिरकत नाही, वरून नुसती ओरडत घिरट्या घालते. त्यावर या धंद्यातली एक जुनी युक्ती आहे. दोघांनी मिळून आत जायचं, आणि थोड्या वेळानं एकानं बाहेर पडून सरळ निघून जायचं. पाखराला आकडे कळत नाहीत. माणूस आला आणि माणूस गेला, एवढंच त्याला कळतं. मग ते निर्धास्त परत येतं.

निघून जायचं काम साळूबाईचं होतं. अंड्यांना लांबून वळसा घालून तिनं रस्त्यापर्यंत चालत जायचं, आणि अकराच्या सुमाराला परत यायचं. हौसरावानं तिला बजावलं, "मागं वळून बघायचं नाही. तू वळलीस की पाखराला संशय येतो."

"व्हय," साळूबाई म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आन् दादा, पाखराला मोजाय येत आसलं तर?"

"तुला तरी येतं का?"

"शेरडं मोजती की रोज," ती शांतपणे म्हणाली.

पहिल्याच सकाळी साळूबाई बाहेर पडली, तिची पावलं कुसळांत विरत गेली, आणि पाच मिनिटांत टिटवी अंड्यांवर येऊन बसली. एवढ्या लवकर फिरलेली टिटवी त्यानं उभ्या जन्मात पाहिली नव्हती. पाखरूही मूर्ख निघालं, म्हणून तो खूश झाला.

३

त्याचा कॅमेरा प्लेटांचा होता आणि लेन्स लष्कराच्या भंगारातून मिळवलेली, हातभर लांब. डोक्यावर काळं फडकं ओढून मागच्या दुधी काचेवर चित्र बघायचं. ते उलटं दिसतं, आकाश खाली आणि माळ वर. बाजूची खुंटी फिरवत टिटवीचा डोळा धारदार करायचा. मग काचेच्या जागी प्लेट सरकवायची. प्लेट आत गेली की काढणारा आंधळा. त्यानं रबरी फुगा दाबायचा आणि जे झालं ते नंतर बघायचं.

पहिल्या दिवसाच्या चारही प्लेटांत टिटवी धूसर होती.

हौसराव अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली कितीतरी वेळ बसून राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं की प्लेट सगळी धूसर नाही. टिटवीच्या बरंच मागं, रस्त्याच्या बाजूला, गवताचा एक पट्टा स्वच्छ आला होता, एक एक कुसळ मोजून घ्यावं इतका. चारही प्लेटांत तेवढाच पट्टा.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान बंद ठेवलं. परसात तीस फुटांवर वर्तमानपत्र टांगलं, त्याच लेन्सनं काढलं, आणि बारीक टायपातल्या जाहिरातीसुद्धा वाचता आल्या. लेन्स शाबूत होती आणि डोळाही शाबूत होता. त्याला इतकं हायसं वाटलं की त्यानं तुळजाबाईला हाक मारून जाहिरात वाचून दाखवली. तिला काही कळलं नाही, आणि तिला कळत नाही याचाही त्याला त्या दिवशी राग आला नाही.

मग राहिलं काय? तापलेल्या जमिनीची झळ. तिवई हलली असेल. तो स्वतःला असं समजावत राहिला. पण झळ लागली तर सगळंच थरथरतं आणि तिवई हलली तर सगळंच पुसट होतं. तीस फुटांवर धरलेली नजर आपली आपण पंचावन्न फुटांवर जाऊन बसत नाही.

४

त्यानं पद्धतशीर काम करायचं ठरवलं. चुन्यानं पांढरे केलेले बारा दगड घेतले, प्रत्येकावर डांबरानं मोठा आकडा काढला आणि लपणापासून सरळ रेषेत पाच-पाच फुटांवर मांडले. पहिला दगड लपणापुढं पाच फुटांवर, सहावा टिटवीच्या शेजारी, बारावा साठ फुटांवर. आता कुठं चुकतंय ते प्लेटच सांगणार होती. टिटवीनं दोन दिवस दगडांवर आरडाओरडा केला आणि मग ते आपलेच मानले.

तिसऱ्या सकाळी नववा दगड स्वच्छ आला. आकड्यावरचे डांबराचे ओघळसुद्धा दिसत होते. टिटवी धूसर.

दोन दिवसांनी आठवा.

खुंटी ढिली झाली असणार आणि कॅमेऱ्याचा घड्यांचा कातडी भाता आपल्या वजनानं हळूहळू सरकत असणार, असं हौसरावानं ठरवलं. त्यानं स्क्रू आवळले आणि खुंटीला चिंधी बांधली. पुढच्या खेपेला सातवा दगड आला. त्याला हे आवडलं नाही. पण न आवडलेल्या गोष्टीकडं तुच्छतेनं बघायची त्याला सवय होती. यंत्र बिघडलंय आणि बिघाडाला शिस्त आहे, एवढंच, असं तो स्वतःशी म्हणाला.

आणि त्यानंतरच्या खेपेला सहावा दगड आला.

लाल दिव्याखाली टिटवी प्लेटवर उमटली तेव्हा तो उभा राहिला. पिसांच्या कडा, चोचीच्या मुळाशी मांसल पट्टी, डोळा आणि डोळ्यातला उन्हाचा टिपका. चारही प्लेटा तशाच, उभ्या माळात फक्त तीच ठळक. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तेही त्यानं फडक्यानं घाईघाईनं टिपलं, प्लेटवर पडू नये म्हणून. चार झाले होते. आता आठ उरले.

५

उरलेले आठ होईपर्यंत थांबायला हवं होतं. पण मिरवायची घाई माणसाला कुठंही नेते. दुसऱ्याच दिवशी तो शिरूरला गेला आणि ते चार फोटो अयुबच्या टेबलावर पत्त्यांसारखे टाकले.

अयुबनं खिडकीचं दार उघडून उजेड घेतला. चारही फोटो नीट बघितले. डोळा कसा काय आलाय म्हणून हौसरावानं विचारलं, तर त्यानं मनापासून मान हलवली. असं काम आपण जन्मात केलं नाही, असंही म्हणाला. अयुबमध्ये खोट नव्हती, आणि हौसरावाला त्याचाच जास्त राग होता.

मग अयुबनं एक फोटो परत उचलला.

"मामा, ही बघतीय कुणाकडं?"

टिटवीनं मान तिरकी करून वर बघितलं होतं. लपणाकडं नाही, आकाशाकडंही नाही. अगदी शेजारी, सहाव्या दगडाच्या वर, उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला. चारही फोटोंत तिथंच.

"पाखरू आहे. बघतं कुठंही," हौसराव म्हणाला.

"आन् हितलं गवात दबलंय." अयुबनं नखानं जागा दाखवली. दगडाशेजारी दोन ठिकाणी कुसळं आडवी झाली होती, पावलांएवढ्या जागेत. "तुम्ही जवळ गेलावता का?"

शेरडं गेली असतील, असं हौसरावानं सांगितलं. अयुबनं फोटो पालथे घालून त्याच्या हातात दिले. नंतरच्या कुठल्या प्लेटा आहेत का, असं विचारलं. नाहीत म्हटल्यावर तो म्हणाला, "मग चार बास झालं की, मामा. चारावर मी मानलं."

हौसराव हसला. चारवर मानायला तो काही अयुब नव्हता.

६

पुढच्या खेपेला चौथा दगड आला. टिटवी परत धूसर, आणि चौथ्या दगडापाशी गवत दबलेलं.

त्या लांब लेन्सला वीस फुटांच्या आतलं काही दिसतच नसे. भाता पुरा ताणला तरी चौथा दगड ही तिची हद्द होती. हौसरावानं याचं फार समाधान मानलं. बिघाड असेल तो इथं थांबणार, कारण याच्या अलीकडं यायला काचेलाच जमत नाही. त्यानं ते कागदावर आकडेमोड करून पडताळलं, आणि दोनदा पडताळलं.

दुसऱ्या दिवशी दुसरा दगड आला. त्याच्यावरचा आकडा सबंध प्लेटभर पसरला होता.

त्यानं ही प्लेट कुणाला दाखवली नाही. रात्रभर त्याला झोप आली नाही, तरी पहाटेच्या एसटीनं तो निघाला. का निघाला, याला उत्तर एकच होतं. घरी राहिला असता तर भ्याला असं ठरलं असतं, आणि भिणाऱ्या माणसांबद्दल त्यानं जे जे म्हटलं होतं ते सगळं त्याला पाठ होतं. आठ प्लेटा अजून उरल्या होत्या.

रस्त्यावर साळूबाई उभी होती. दोघं माळावरून चालायला लागली. निम्म्या वाटेत ती म्हणाली, "दादा, एक इचारू का? तुम्ही मागारी कवा जाता?"

"कुठं मागारी?"

"मी निघाली की तुम्ही माझ्यामागं रस्त्यापतुर येता न्हवं. तुमचं बूट वाजत्यात. मी वळत न्हाई, तुम्ही सांगितलंय म्हणून. पर रस्त्याला लागलं की बूट थांबत्यात. मग तुम्ही फोटू कवा काढता, ह्येच मला उमगंना."

हौसराव थांबला. त्याचे बूट खरंच करकरायचे, नवे होते. कुसळांत तुझी स्वतःचीच पावलं वाजतात, असं तो म्हणाला. म्हातारपणी कानांचं असंच होतं, असंही म्हणाला. साळूबाईनं मान डोलावली. तिच्या पायांत काही नव्हतं. ती आयुष्यभर अनवाणीच चालत आली होती.

"रोज?" त्यानं विचारलं.

"पयल्या दिवसापास्नं."

म्हणजे दोघं आत जात होती आणि दोघं बाहेर पडत होती. टिटवी पाच मिनिटांत का फिरत होती ते आता त्याला कळलं.

७

तरीही तो आत गेला. साळूबाई त्याच्याजवळ थोडा वेळ बसली आणि मग उठून निघाली. तिची पावलं ऐकू येतच नव्हती. ऐकू येत होती ती बुटांची करकर, सावकाश, तिच्यामागून दूर जाणारी. हौसरावानं स्वतःच्या पायांकडं बघितलं. बूट पायांत होते आणि पाय हलत नव्हते.

टिटवी येऊन बसली.

त्यानं फडकं डोक्यावर ओढलं. आत घामाचा आणि गोणपाटाचा वास कोंदला होता. दुधी काचेवर उलटी टिटवी, त्यानं तिचा डोळा धारदार केला. या वेळी त्यानं प्लेट घातली नाही. आंधळं व्हायचं नाही, बघत राहायचं, असं त्यानं ठरवलं होतं. खुंटीवरचा हात त्यानं काढून घेतला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

बराच वेळ काही झालं नाही. मग टिटवी विरघळायला लागली.

तिच्यामागं, पार लांब, बारावा दगड स्वच्छ झाला. मग अकरावा. खुंटी जागची हलत नव्हती, भाता हलत नव्हता. कुसळांचा एक अरुंद पट्टा काचेवरून पुढं येत होता, आणि तो येईल तिथलं सगळं सुईसारखं होत होतं. दहावा. नववा. हौसराव स्वतः नजर धरायचा तेव्हा थोडा पुढं जाऊन मागं यायचा, सगळे जण तसंच करतात. हा दुसराच कुणाचा हात पुढं जात नव्हता, मागं येत नव्हता, डगमगत नव्हता. सहाव्या दगडापाशी टिटवीचा डोळा असा काही उजळला की हौसरावाला भीतीच्याही आधी मत्सर वाटला. आपल्यापेक्षा चांगलं काम त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं आणि पहिल्यांदाच मनात कबूल केलं.

टिटवीनं मान तिरकी करून वर बघितलं. पाचवा. चौथा. गवत दोन जागी दबत होतं आणि सावकाश उठत होतं. तिसरा. दुसरा. बुटांची करकर आता समोरून येत होती. पहिला दगड. मग फटीच्या कडेचा गोणपाट, धाग्यावर धागा, आणि एका धाग्यावर चाललेली मुंगी.

मग काच काळी झाली, कुणी फटीसमोर उभं राहावं तशी.

हौसरावानं डोळे घट्ट मिटले. किती वेळ, ते त्याला कळलं नाही. बाहेर टिटवी एकाएकी ओरडत उडाली, आणि लपणामागून साळूबाईचा आवाज आला.

"झालं का दादा?"

तो बोलायला गेला, आणि त्याच्या आधी उत्तर आलं. गोणपाटाच्या पलीकडून, हातभर अंतरावरून.

"झालं. बाराच्या बारा मिळाले."

तो आवाज त्यानं ओळखला. दुकानात गिऱ्हाइकांपुढं बोलताना असायचा तोच, नाकातला, समोरच्याला मोजत बोलणारा. साळूबाईनं विचारलं की आत काही राहिलंय का, बघू का. आवाज म्हणाला, "आत काही नाही. चल."

हौसराव फडकं भिरकावून बाहेर पडला. तोवर दोघं रस्त्याकडं बरीच पुढं गेली होती. साळूबाई पुढं आणि तिच्यामागं डोक्यावर हौसरावाचीच टोपी, खांद्यावर त्याचीच काळी पिशवी घेतलेला माणूस. शंभर पावलांवरूनही त्याच्या सदऱ्याची शिवण न् शिवण दिसत होती. हौसरावानं हाक मारली, छाती फुटेल इतकी मारली. जवळ चरणाऱ्या शेळीनंही मान वर केली नाही. त्यानं हात हलवायला उचलला, आणि त्याला स्वतःचा हात दिसला. बोटांना कडा नव्हत्या. कुठं बोट संपतं आणि कुठं माळ सुरू होतो, ते ठरवता येत नव्हतं. त्यानं हात डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला. कुठंच जमलं नाही.

दोघं रस्त्याला लागली. आज बूट थांबले नाहीत.

टिटवी खाली उतरली. चार पावलं धावली, थांबली, परत धावली. हौसराव त्यांच्यामागं धावत उघड्यावर आला होता आणि अंड्यांपासून दोन पावलांवर उभा होता. ती त्याच्या पायांना घासून गेली, पोटाखाली अंडी सारखी केली आणि बसली. तो खाली वाकला. इतक्या जवळून जिवंत टिटवी कुणा माणसानं पाहिली नसेल. पिसांच्या कडा, चोचीवरची माती, लाल कडेचा डोळा, सगळं लख्ख दिसत होतं. त्यानं त्या डोळ्यापुढं हात हलवला.

टिटवीनं पिसं फुगवली, मान आखडून घेतली आणि निवांतपणे डोळा मिटला.